नावेवरून नावावर

वहीत नावेचं नाव आहे: 'प्रूडन्स'.
दोन डोलकाठ्या, कप्तानाचं नाव,
त्याच्या कुत्र्याचंसुद्धा.
आणि खाली, तिरक्या अक्षरात:
"मुलगा, वय अंदाजे नऊ,
डाव्या कानाला चीर,
भाताच्या कामाचा माहीतगार."
बस्स.
तो आमचा मूळपुरुष.
ती नाव आठवते वहीला,
ते नाव नाही.

मी व्हर्डेल. सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली.
चार्ल्सटनच्या त्या थंडगार खोलीत
जुनी पानं उलटायला मला
कापसाचे हातमोजे दिले होते.
कापसाचे!
आमच्या माणसांनी वेचलेलं
शेवटी माझ्या बोटांपर्यंत पोचलं,
तेही पाच वाजता परत करायचं.

बेटावर आमची अकरा एकर.
त्या मुलाच्या नातवानं, आयसमनं,
अठराशे एकाहत्तरमध्ये घेतली,
कालवं फोडफोडून,
सहा हिवाळे एकाच कोटात काढून.
सहीच्या जागी फुली.
शाळेत फुली म्हणजे चूक.
त्या कागदावर तेवढंच बरोबर होतं.

मृत्युपत्र त्यानं केलं नाही.
कोर्टाचं दार आमच्यासाठी उघडायचं
ते शिक्षा ऐकवायला.
म्हणून जमीन सगळ्यांची राहिली,
म्हणजे कागदोपत्री कुणाचीच नाही.
छप्पर गळायला लागलं तेव्हा कर्ज मागायला गेले.
बँकेतला माणूस गोड बोलला,
"मॅडम, वारस किती?"
एकेचाळीस.
त्यानं पेनाला टोपण लावलं.

कुंपणापलीकडे आता गोल्फचं मैदान आहे.
ती रोझेटा आत्याची जमीन.
एकानं आपला चिमूटभर हिस्सा विकला,
त्या चिमटीतून सगळंच गेलं.
लिलाव, कोर्टाच्या पायऱ्यांवर, बावीस मिनिटं.
आत्याची कबर सातव्या खळग्याच्या अलीकडे.
तिच्या वाढदिवसाला फुलं घेऊन जातो, तर
फाटकावरचा पोरगा नाव विचारतो,
यादीत शोधतो.
यादीत नाव नसण्याची
आम्हाला सवय आहे.

मग मी दोन वर्षं सह्या गोळा केल्या.
डेट्रॉइट, नेवार्क, ओकलंड.
रात्रीची बस, डब्यात भेंडी-भात.
(भेंडीचं बी त्याच नावेतून आलं, आई म्हणायची.
कुणाच्या केसांत लपून,
ते तिला तिच्या आईनं सांगितलं नव्हतं.)
कुणी दारातच सही केली.
कुणी जेवायला बसवलं आणि सही विसरलं.
ओकलंडच्या पोरीनं तोंडावर विचारलं,
"मला यात काय मिळणार?"
मी सांगितलं: पाइनचं लाकूड दर बारा वर्षांनी,
धक्क्याचं भाडं, त्यातून तुझ्या लेकीची फी,
आणि तिच्या लेकीची.
तिनं कॅल्क्युलेटर काढला.
तेव्हा ती मला पहिल्यांदा आवडली.

एकेचाळिसावा थॅडियस.
फिलाडेल्फिया, तिसरा मजला, नाकात नळी.
आत्याच्या जमिनीतला तो हिस्सा
विकणारा हाच.
तीस वर्षं मी त्याच्याशी बोलले नव्हते.
जिना चढताना भांडण पाठ करत होते.
त्यानं कागद वाचलाच नाही.
म्हणाला, "मला तिथे पुराल?"
मी म्हटलं, "आधी सही."
हात असा थरथरला त्याचा
की नावाची अक्षरं एकमेकांवर पडली.
फुलीसारखं काहीतरी उमटलं.
मी ते कार्बनसकट जपून घडी केलं.

ट्रस्टची नोंदणी झाली त्या दिवशी
कारकुनानं विचारलं, "नाव काय घालू?"
मी म्हटलं, "माहीतगार."
"आडनाव आहे का हे?"
"आता आहे."

परवा थॅडियसला पुरला, खाडीकडे तोंड करून.
भांडण अजून माझ्याकडेच आहे,
आता कुणाला देऊ?
पाइन कापायला सात वर्षं बाकी.
यंदाचा कर भरला. पावती फ्रीजवर,
ओकलंडच्या पोरीच्या लेकीनं पाठवलेल्या
चित्राशेजारी.
चित्रात एक नाव आहे,
आणि तिच्यात बसलेल्या प्रत्येक माणसाखाली
वाकड्यातिकड्या अक्षरात
एकेक नाव.